शहराचे आपत्कालीन स्थलांतर : नियोजन आणि सराव

आपत्कालीन स्थलांतराच्या नियोजनात रस्त्यांची क्षमता काटेकोरपणे मोजली जाते. वाहन नसलेल्या नागरिकांची मोजदाद मात्र बहुधा मागे पडते. या दृष्टीने अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहराचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. २००० च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे २७ टक्के कुटुंबांकडे मोटार नव्हती. जुलै २००४ मध्ये ‘पाम’ या काल्पनिक चक्रीवादळावर सराव घेण्यात आला. अनेक नागरिक शहरातच अडकतील, हे त्यात गृहीत धरले होते. परंतु हा सराव अधिकाऱ्यांच्या बैठकीपुरताच होता, प्रत्यक्षात कोणीही हलले नाही. त्याच वर्षी ‘आयव्हन’ वादळाच्या वेळी महामार्गांवर मोठी कोंडी झाली. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या मार्गिका शहराबाहेर जाण्यासाठीच वापरण्याची पद्धत सुधारण्यात आली.

२९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ धडकण्यापूर्वी या पद्धतीने दहा लाखांहून अधिक लोक या परिसरातून बाहेर पडले. मागे राहिले ते प्रामुख्याने गरीब, वृद्ध व आजारी. सक्तीचा आदेश निघाला तो केवळ एक दिवस आधी, आणि शहराच्या बसगाड्यांनी या लोकांना नेले ते शहरातल्याच सुपरडोम क्रीडागारात! २००८ मध्ये ‘गुस्ताव’च्या वेळी ठरावीक थांब्यांवरून बस व रेल्वेने सुमारे १८ हजार लोकांना बाहेर नेण्यात आले, शहरात निवाऱ्याची सोय मुद्दामच ठेवली नव्हती.