गजांआडची श्वानशाळा

स्पार्की हा डॅशहुंड जातीचा बुटका, लांबट कुत्रा. तो ठार बहिरा होता. हाक ऐकू न येणारा कुत्रा सहसा कोणी घरी नेत नाही. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या लिकिंग गावच्या तुरुंगात तो प्रशिक्षणासाठी आला, तेव्हा त्याला शिकवायचे कसे, हा प्रश्न कैद्यांपुढे होता. त्यांनी मूकबधिरांच्या खाणाखुणा स्वतः शिकून घेतल्या आणि मग त्या खुणांनी स्पार्कीला बसायला, आडवे व्हायला, जवळ यायला शिकवले. पुढे फुल्टन येथील मूकबधिर मुलांच्या शाळेने त्याला दत्तक घेतले. मुलांना जी भाषा येत होती, तीच कुत्र्यालाही येत होती!

मिसुरीच्या तुरुंग खात्याने २०१० मध्ये ‘पपीज फॉर परोल’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात स्पार्कीसारख्या हजारो कुत्र्यांना घरे मिळाली आहेत. कल्पना साधी आहे. कोणी सोडून दिलेले, मार खाल्लेले, माणसाला घाबरणारे किंवा अंगावर धावून जाणारे कुत्रे निवारा केंद्रातून तुरुंगात आणायचे. निवडक कैद्यांच्या जोडीकडे एकेक कुत्रा सोपवायचा. साधारण आठ ते दहा आठवडे तो त्यांच्याच कोठडीत राहतो, झोपतो, शिकतो आणि मग दत्तक जातो. नावातला ‘परोल’ कुत्र्याचा आहे, कैद्याचा नव्हे.

कुत्र्याच्या दृष्टीने हा जिवाचा प्रश्न असतो. ‘एएसपीसीए’ या अमेरिकेतील जुन्या प्राणिकल्याण संस्थेने काही वर्षांपूर्वी केलेल्या अंदाजानुसार, तिथल्या निवारा केंद्रांत दर वर्षी सुमारे ३१ लाख कुत्रे येतात आणि त्यांतल्या सुमारे ३ लाख ९० हजारांना इंजेक्शन देऊन मारावे लागते. जागा कमी पडली की आधी पाळी येते ती ज्यांना कोणी नेणार नाही अशांची. म्हणजे वयस्क, आजारी आणि ‘वळण नसलेल्या’ कुत्र्यांची. यांपैकी वळण ही एकच गोष्ट अशी आहे, की जी वेळ दिला तर लावता येते. निवारा केंद्रातल्या कर्मचाऱ्यांकडे वेळ नसतो. कैद्याकडे तो भरपूर असतो.

सुरुवात एका चिमणीपासून

तुरुंगातील प्राण्यांच्या उपक्रमांचा इतिहास सांगताना ओहायो राज्यातील लिमा येथील रुग्णालयाचा उल्लेख हमखास होतो. गुन्हा केलेल्या मनोरुग्णांना तिथे बंदोबस्तात ठेवत. १९७५ मध्ये तिथले समाजसेवक डेव्हिड ली यांच्या लक्षात आले, की एरवी कोणाशी न बोलणारे काही रुग्ण एका जखमी चिमणीला लपवून जगवत आहेत आणि त्या कामात एकमेकांना मदतही करत आहेत. त्यानंतर एका वॉर्डात प्राणी पाळू दिले आणि तशाच दुसऱ्या वॉर्डाशी वर्षभर तुलना केली. प्राणी असलेल्या वॉर्डात औषधे निम्मीच लागली, मारामाऱ्या कमी झाल्या आणि आत्महत्येचा एकही प्रयत्न झाला नाही. दुसऱ्या वॉर्डात असे आठ प्रयत्न झाले. अभ्यास लहान होता, आजच्या कसोट्यांना तो पुरा उतरणार नाही. पण त्याने दार उघडले.

कुत्र्यांचे प्रशिक्षण तुरुंगात नेण्याचे श्रेय सिस्टर पॉलिन क्विन यांना दिले जाते. त्यांची तरुणपणाची अनेक वर्षे मनोरुग्णालये आणि सुधारगृहांत गेली होती. एका जर्मन शेफर्ड कुत्र्याच्या सोबतीने आपण सावरलो, असे त्या सांगत. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे अधिष्ठाता लिओ बुस्टाड यांच्या मदतीने १९८१ मध्ये गिग हार्बरच्या महिला तुरुंगात त्यांनी पहिला वर्ग सुरू केला. त्यानंतर ओरेगनमध्ये बालगुन्हेगारांसाठी ‘प्रोजेक्ट पूच’ (१९९३) आणि न्यूयॉर्कमध्ये ‘पपीज बिहाइंड बार्स’ (१९९७) असे उपक्रम निघाले. दुसऱ्या उपक्रमातले कुत्रे जखमी माजी सैनिकांच्या मदतीसाठीही तयार केले जातात. कॅलिफोर्नियातील लँकेस्टरच्या कडेकोट तुरुंगात २०१४ पासून निवारा केंद्रातले कुत्रे येऊ लागले. तिथले अनेक कैदी जन्मठेप भोगणारे होते.

भीती आधी उतरली पाहिजे

निवारा केंद्रात आलेल्या कुत्र्याच्या शरीरात काय चालते, याचा अभ्यास ओहायोतील राइट स्टेट विद्यापीठाचे मायकेल हेनेसी यांनी केला. पहिल्या तीन दिवसांत कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण जास्त असते. जे नऊ दिवसांहून अधिक काळ तिथे आहेत, त्यांच्यात ते उतरलेले दिसते. अनोळखी वास, सतत भुंकणे, ओळखीचे माणूस नाही, अशा स्थितीत कुत्रा सदैव ‘पळू की चावू’ या पवित्र्यात असतो. त्या अवस्थेत तो काही शिकू शकत नाही. परीक्षेच्या भीतीने थरथरणाऱ्या मुलाला पाढे आठवत नाहीत, तसेच हे.

म्हणून तुरुंगातले पहिले काही दिवस काहीही न शिकवण्याचे असतात. कैदी कोठडीत जमिनीवर बसतो, कुत्र्याकडे रोखून पाहत नाही, हात पुढे करत नाही. खाऊचा तुकडा थोडा दूर ठेवतो आणि वाट पाहतो. उद्या तो तुकडा वीतभर जवळ येतो. भीती वाटणारी गोष्ट आणि आवडती गोष्ट वारंवार एकत्र आल्या, की मेंदूतील जुना धोक्याचा धडा हळूहळू मागे पडतो. माणसांच्या फोबियावर मानसोपचारात हीच पायरीपायरीची पद्धत वापरतात.

पुढचे शिक्षण बक्षिसावर चालते. कुत्रा बसला की त्याच क्षणी ‘टिक्’ असा आवाज करणारे छोटे यंत्र दाबायचे आणि लगेच खाऊ द्यायचा. क्षणभर उशीर झाला, तर बक्षीस बसण्याचे आहे की उठण्याचे, हे त्याला कळत नाही. ओरडणे आणि मारणे वर्ज्य. कारण नैतिक आहेच, पण शास्त्रीयही आहे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारले, तर तो गुरगुरणे सोडतो. भीती मात्र तशीच राहते. गुरगुर हा त्याचा इशारा असतो. इशारा गेला, की तो पुढच्या वेळी सरळ चावतो.

कैद्याचे खरे शिक्षण इथेच होते. ज्याचे आयुष्य रागाच्या एका झटक्यात उद्ध्वस्त झाले, त्याला रोज पन्नास वेळा तोच धडा न चिडता गिरवावा लागतो. त्याचा आवाज चढला की कुत्रा कोपऱ्यात जातो आणि आठवड्याची कमाई वाया जाते. कुत्र्याला त्याचा गुन्हा ठाऊक नसतो. त्याच्यापुढे असतो तो आजचा माणूस. आपल्या वागण्याचा परिणाम इतक्या चटकन आणि इतक्या निरपेक्षपणे दाखवणारा आरसा तुरुंगात दुसरा नसेल. शिवाय पहाटे फिरवायला नेणे, पाणी, आंघोळ, औषध, रोजची नोंद हे सारे वेळेवर करावे लागते, कारण एक जीव आपल्यावर अवलंबून आहे.

पुरावा काय सांगतो?

इथे उत्साहाला थोडा आवर घालायला हवा. कुत्र्यांना होणाऱ्या फायद्याचा पुरावा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. हेनेसी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तुरुंगात तीन आठवडे राहिलेले कुत्रे आणि निवारा केंद्रातच राहिलेले कुत्रे यांची तुलना केली. तुरुंगातून आलेले कुत्रे नव्या जागेत कमी उड्या मारत, कमी भुंकत आणि आज्ञा अधिक पाळत.

माणसांच्या बाबतीत चित्र आशादायक असले, तरी धूसर आहे. बार्बरा कुक आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एकूण परिणाम चांगल्या बाजूचा दिसला. पण अडचण निवडीत आहे. या कामासाठी शिस्तीने वागणारे कैदीच घेतले जातात. प्राण्यांचा छळ केलेल्यांना सहसा दूर ठेवतात. मग हे लोक सुटल्यावर पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले, तर ते कुत्र्यामुळे, की ते मुळातच सुधारण्याच्या वाटेवर होते म्हणून? बरे होत आलेल्या रुग्णांनाच औषध देऊन त्याचा गुण सांगावा, तसे हे होईल. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेले मोठे अभ्यास झाले, तरच याचे पक्के उत्तर मिळेल.

धोकेही आहेत. २००६ मध्ये कॅन्सस राज्यातील लान्सिंगच्या तुरुंगातून एक कैदी कुत्र्याच्या पिंजऱ्यात लपून, कुत्री नेणाऱ्या गाडीतूनच पळाला. गाडी उपक्रम चालवणारी स्वयंसेविकाच चालवत होती. दोघेही पुढे पकडले गेले. दुसरी मर्यादा कुत्र्याच्या बाजूची आहे. लोखंडी दारांचे आवाज, गर्दी, गणवेश यांची त्याला सवय होते. पण लहान मुले, रहदारी, घरातला मिक्सर त्याला तुरुंगात भेटत नाही. म्हणून काही संस्थांचे स्वयंसेवक शनिवार-रविवारी कुत्र्यांना बाहेरच्या जगात फिरवून आणतात.

आणि ताटातूट ठरलेलीच असते. शिक्षण पुरे झाल्यावर अनेक ठिकाणी कुत्र्याची ‘कनाइन गुड सिटिझन’ ही १० टप्प्यांची चाचणी होते. अनोळखी माणसाने कुरवाळले तरी शांत बसणे, पट्टा न ओढता गर्दीतून चालणे, दुसरा कुत्रा दिसला तरी न उसळणे असे हे टप्पे आहेत. शेवटच्या टप्प्यात शिकवणारा नजरेआड जातो आणि कुत्र्याने तीन मिनिटे परक्या माणसाजवळ कासावीस न होता थांबायचे असते. कुत्रा ती चाचणी उत्तीर्ण झाला, की कैद्याची सुरू होते. जीव लावलेले कोणीतरी भांडण, मृत्यू किंवा अटकेविना, चांगल्या कारणाने आपल्यापासून दूर जाते, हा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांना नवा असतो. त्या दिवसांत समुपदेशकाने लक्ष ठेवणे गरजेचे असते.

आपल्याकडे जमेल?

हा प्रयोग जसाच्या तसा उचलता येणार नाही. अमेरिकेतील कुत्रे बहुतांशी निवारा केंद्रांतून येतात, आपले रस्त्यावर राहतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे आहेत. २०२३ च्या नियमांप्रमाणे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडायचे असते. शिवाय देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस चारपैकी तीन कैदी कच्चे होते, म्हणजे खटला संपण्याची वाट पाहणारे. कोण कधी सुटेल, याचा नेम नाही. कोठड्या आधीच भरलेल्या. तिथे कुत्रा ठेवणे दोघांवरही अन्याय ठरेल.

खुल्या कारागृहांत मात्र जागा, मोकळीक आणि दीर्घ शिक्षेचे पारखलेले बंदी, तिन्ही आहेत. महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांवर विश्वास टाकून त्यांच्या हाती शेती देण्याचा तो प्रयोग होता. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरच बेतलेला. शेतीच्या जोडीला अपंगत्व आलेले, वयस्क किंवा पाळून सोडून दिलेले काही कुत्रे तिथे सांभाळून, शिकवून दत्तक देता येतील का, याचा विचार व्हायला हरकत नाही.

असे काही करायचे झाले, तर आरोग्याची बाजू आधी पक्की हवी. प्रत्येक कुत्र्याचे रेबीज लसीकरण, निर्बीजीकरण आणि जंतनाशन झालेले असावे. नव्या कुत्र्याला काही दिवस वेगळे ठेवून पशुवैद्यकाने तपासावे. त्याला हाताळणाऱ्या बंद्यांना आणि कर्मचाऱ्यांना रेबीजची आगाऊ लस द्यावी. तरीही दात किंवा नख लागलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. हा नियम कारागृहात जितका खरा, तितकाच घरी पाळलेल्या किंवा गल्लीतल्या ओळखीच्या कुत्र्याच्या बाबतीतही खरा आहे.