उरलेल्या कामाची चिठ्ठी

फळ्यावर ३ + (४ × ५) हे उदाहरण लिहा आणि विद्यार्थ्यांना विचारा, ‘४ × ५ करत असताना मनात काय धरून ठेवावे लागते?’ उत्तर सोपे आहे. ‘येणाऱ्या उत्तरात ३ मिळवायचे आणि बेरीज लिहायची.’ गणिताच्या कोणत्याही टप्प्यावर थांबले तरी त्याचे असे दोन भाग पडतात. एक म्हणजे सध्या हातात असलेले काम आणि दुसरा म्हणजे त्याचे उत्तर आल्यावर करावयाचे उरलेले सगळे काम. या दुसऱ्या भागाला संगणकशास्त्रात कंटिन्युएशन म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला ‘शेषक्रम’ म्हणू.

शेषक्रम हे एक प्रकारचे फलनच आहे. त्याला २० दिले की तो २३ लिहितो, ७ दिले की १० लिहितो. संगणकालाही असा शेषक्रम लक्षात ठेवावा लागतो. एक उपआज्ञावली दुसरीला काम सांगते, तेव्हा ‘काम झाल्यावर कोठे परतायचे आणि पुढे काय करायचे’ याची नोंद स्मृतीत ठेवली जाते. या नोंदी ताटांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात आणि काम संपेल तशा वरून काढल्या जातात. बहुतेक संगणकभाषांत हा सगळा व्यवहार पडद्याआड चालतो. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती ती चळत येत नाही.

ती हाती आली तर काय होईल? ७, ३, ०, ९, ४ या संख्यांचा गुणाकार घ्या. संगणकाला नियम सांगितला आहे, ‘पहिल्या संख्येला उरलेल्या संख्यांच्या गुणाकाराने गुणा; शून्य भेटल्यास उत्तर शून्य.’ संगणक ७ बाजूला ठेवतो, मग ३ बाजूला ठेवतो आणि त्याला शून्य भेटते. आता हे शून्य मागे जाते, ३ ने गुणले जाते, मग ७ ने गुणले जाते. दोन्ही गुणाकार व्यर्थ! हजार संख्यांच्या यादीत शून्य शेवटी असेल तर असे ९९९ व्यर्थ गुणाकार होतील. पण गुणाकार सुरू करण्यापूर्वीच त्या वेळचा शेषक्रम एका नावाखाली राखून ठेवला असेल तर? शून्य दिसताच ते थेट त्या शेषक्रमाच्या हवाली करायचे. मधल्या साऱ्या नोंदी आपोआप रद्द होतात. शहाणा विद्यार्थी शून्य पाहताच गणित सोडून उत्तर लिहितो, त्यातलाच हा प्रकार.

संख्येला आपण नाव देतो, ती फलनाला पुरवतो, फलनाकडून परत घेतो, यादीत ठेवतो. ज्या वस्तूबाबत हे सारे करता येते तिला त्या भाषेतील प्रथम दर्जाची वस्तू म्हणतात. शेषक्रमाला हा दर्जा देणारी प्रसिद्ध भाषा म्हणजे स्कीम. जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी ती १९७५ साली अमेरिकेतील एम.आय.टी. येथे तयार केली. चालू शेषक्रम हाती देणाऱ्या तिच्यातील क्रियेला पुढे ‘कॉल विथ करंट कंटिन्युएशन’ असे लांबलचक नाव मिळाले. त्याआधी १९६५ साली ब्रिटनच्या पीटर लँडिन यांनी ‘जे’ नावाची अशीच क्रिया मांडली होती. त्याच्याही आधी, १९६४ मध्ये, हॉलंडच्या व्हॅन वाइनगार्डन यांनी ऑस्ट्रियातील एका परिषदेत याच्या जवळची युक्ती सांगितली होती. ही कल्पना अनेकांनी एकमेकांना नकळत पुन्हा पुन्हा शोधली. जॉन रेनल्ड्स यांनी १९९३ मध्ये हा इतिहास एका लेखात एकत्र आणला.

इतक्या जणांना तिची गरज का भासली? एक मोठे कारण म्हणजे ‘गो टू’ ही आज्ञा. ‘येथून उठून अमुक ओळीवर जा’ असे ती सांगते. तिच्यामुळे आज्ञावली समजणे कठीण होते, अशी टीका डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये केली. गणितीदृष्ट्याही ती अडचणीची होती. पहिल्या आज्ञेचा अर्थ आणि दुसऱ्या आज्ञेचा अर्थ जोडला की दोन्हींचा मिळून अर्थ मिळतो, असे आपण धरतो. पण पहिली आज्ञा उडी मारून निघून गेली तर दुसरीची पाळीच येत नाही. ऑक्सफर्डच्या स्ट्रेची आणि वॉड्सवर्थ यांनी १९७४ मध्ये यावर तोड दिली. प्रत्येक आज्ञेचा अर्थ तिच्या शेषक्रमासह सांगायचा. साधी आज्ञा आपले काम करून शेषक्रम पुढे चालवते. ‘गो टू’ तो टाकून देते आणि दुसऱ्या ओळीचा शेषक्रम उचलते. झाला अर्थ पूर्ण!

या कल्पनेची मुळे तर्कशास्त्रातही पोचतात. ‘विरुद्ध गृहीत धरू, विसंगती येते, म्हणून मूळ विधान खरे’ ही सिद्धतेची रीत आपण शाळेत शिकवतो. रचनात्मक सिद्धता आणि आज्ञावली यांचे नाते आधीपासून ठाऊक होते, पण या रीतीला साजेशी आज्ञावली कोणती हे कळत नव्हते. शेषक्रम पकडणारी क्रिया हेच त्याचे उत्तर आहे, असे टिमथी ग्रिफिन यांनी १९९० मध्ये दाखवले.

मात्र या सामर्थ्याची किंमत आहे. राखून ठेवलेला शेषक्रम एकदाच नव्हे, अनेकदा चालवता येतो. समजा, एका भागाने फाइल उघडली, वाचली आणि बंद केली. नंतर कोणी मध्येच पकडलेल्या जुन्या शेषक्रमाने पुन्हा त्याच भागात शिरला, तर तेथे फाइल उघडी आहे असे समजून काम सुरू होईल. प्रत्यक्षात ती बंद आहे! शिवाय जुन्या नोंदी पुसता येत नाहीत, त्या जपून ठेवाव्या लागतात किंवा त्यांची नक्कल करावी लागते.

म्हणून संशोधकांनी मर्यादा घालण्याचे मार्ग शोधले. १९८८ मध्ये फेलाइसन यांनी, तर १९९० मध्ये डॅन्व्ही आणि फिलिन्स्की यांनी, आज्ञावलीच्या शेवटापर्यंतचा नव्हे तर आखलेल्या खुणेपर्यंतचाच शेषक्रम पकडण्याच्या पद्धती मांडल्या. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ओकॅमल ५ या भाषेत असा मर्यादित शेषक्रम मिळतो, आणि तो एकदाच चालवता येतो. दुसऱ्यांदा चालवू पाहिल्यास चूक दाखवली जाते. या कामात मद्रासच्या आय.आय.टी.मधील के. सी. शिवरामकृष्णन यांचा मोठा वाटा आहे.

वर्गात हे शिकवायला संगणक लागत नाही. २ × (६ + (९ − ४)) हे उदाहरण द्या आणि प्रत्येक पायरीवर उरलेले काम चिठ्ठीवर लिहायला सांगा. पहिल्या चिठ्ठीवर ‘६ मिळवा, मग २ ने गुणा’ असे येईल, दुसरीवर फक्त ‘२ ने गुणा’. मग पहिली चिठ्ठी दुसऱ्या विद्यार्थ्याला देऊन ५ ऐवजी १० ही संख्या सांगा. मूळ उदाहरण न पाहता तो ३२ हे उत्तर काढेल. एका गणिताचे उरलेले काम हातोहात देता येते आणि पुन्हा वापरता येते, हे त्याच्या लगेच लक्षात येईल.