जकात गेली, पण बाजाराकडे पालिकेचे लक्ष राहिले का?

जकात नाके बंद झाले तेव्हा आम्हा कापडवाल्यांना हायसे वाटले. सुरत-इचलकरंजीच्या गाठी घेऊन आलेला ट्रक नाक्यावर रात्र काढी. पावतीत चूक निघाली की माल अडके. १ एप्रिल २०१३ पासून जकातीऐवजी एलबीटी आला, तर त्याविरुद्धही आपण शटर खाली ओढले. ऑगस्ट २०१५ मध्ये तो ५० कोटींपर्यंतच्या उलाढालीला माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलेलाही संपला.

या हिशेबाची दुसरी बाजू मात्र आपण पाहिली नाही. जकात हे पुणे महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न होते. शहरात माल जास्त आला की तिची तिजोरी भरे, म्हणून बाजार चालावा ही तिचीही गरज होती. आता राज्य सरकार दरमहा भरपाई देते. २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरून त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ. बाजारात तेजी असो की मंदी, हिशेब तोच. पालिकेला स्वतः वाढवता येण्यासारखे मोठे उत्पन्न उरले ते मिळकतकर व बांधकाम परवानगीचे शुल्क. म्हणजे इमारती वाढल्या की कमाई वाढते.

२०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली. (उरुळी देवाची व फुरसुंगी पुढे वगळली.) तेथे इमले उभे राहिले, पण कित्येक ठिकाणी पाणी टँकरचेच. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणे तीच आहेत. परवानगीचे शुल्क एकदाच मिळते. पाणी, ड्रेनेज, बस यांचा खर्च कायमचा. भांडवल विकून घरखर्च चालवणाऱ्या दुकानदाराला उधारी कोण देईल?

म्हणून आधी पाण्याची सोय, मग परवानगी, असा क्रम हवा. दुसरी निकड बसची. पीएमपीएमएल २००७ पासून आहे. तिची तूट पुणे व पिंपरी-चिंचवड पालिका ६० व ४० टक्के भरतात, आणि तोटा म्हणून तिच्यावर टीका होते. पण कोंढवा-हडपसरची गिऱ्हाईक बाई लग्नाचा बस्ता बांधायला लक्ष्मी रोडला येते ती बसने किंवा रिक्षाने. आपण मात्र पार्किंग मागत राहतो. खरे सांगायचे तर दुकानासमोरची बरीच वाहने आपलीच असतात, त्यात माझीही होती.

व्यापारी संघटनांनी आता एक मागणी लावून धरावी: ठरावीक ८ टक्क्यांऐवजी पुण्यात जमणाऱ्या जीएसटीचा काही हिस्सा थेट पालिकेला मिळावा. मग बाजार बसला तर पालिकेलाही त्याची झळ लागेल.