पलटणीत हरवलेला पूर्वज

नागपूरहून ईशान्येकडे निघालेला रस्ता कामठी ओलांडून कन्हान नदीच्या पुलावर येतो, तेव्हा मागच्या तीरावर १८२१ साली वसलेली फौजेची छावणी राहते आणि पुढच्या तीरावर कन्हान गाव लागते. दोन शतके या छावणीत पलटणी आल्या, राहिल्या आणि हुकूम सुटताच दूरदेशी रवाना झाल्या. दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटची दुसरी पलटण येथेच उभी राहिली व पुढे ब्रह्मदेशाच्या मोहिमेत लढली. ‘पणजोबा लढाईवर गेले ते परतलेच नाहीत’ एवढ्या एका वाक्यापाशी ज्या घराची स्मृती थांबते, त्या घराने पुढचा शोध कसा घ्यावा, हा प्रश्न म्हणूनच या परिसरात केवळ कुतूहलाचा नाही.

या शोधातील मूळ अडचण अशी की, घर माणसाला नावाने व नात्याने ओळखते, तर फौजेचे दफ्तर त्याला क्रमांकाने व पलटणीने ओळखते. आणि या दोहोंना जोडणारा पुरावा बहुधा घरातल्याच जुन्या पेटीत पडून असतो. पहिल्या महायुद्धाच्या रुपेरी पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. मयताच्या वारसांना मिळालेल्या ब्रॉंझच्या वर्तुळाकार फलकावर मात्र मृत्यूपुढे सर्व समान या भावनेने हुद्दा वगळून केवळ नाव घातलेले असते. पेन्शनचा एखादा जीर्ण कागद हाती लागला, तर अर्धे काम झालेच. आणि विदर्भात ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींवरून बापाचे नाव व मौजा यांची खातरजमा करता येते.

एवढी सामग्री जमल्यावर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची यादी पाहावी. १९१७ साली स्थापन झालेल्या या आयोगाच्या कक्षेत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन कालखंडांतील सैनिकांचे मृत्यू येतात. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार आणि दुसऱ्यात सुमारे ८७ हजार भारतीय सैनिक कामी आले. परकी कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे नाव लिहिले असल्याने एकाच नावाची चार-पाच रूपे शोधावी लागतात; तेथे बापाचे नाव आणि गाव हेच खरे निर्णायक ठरतात.

नोंद सापडली तरी कबर सापडेलच असे नाही. हिंदू सैनिकांचे दहन होत असे, म्हणून रंगूनजवळील तौक्यान येथे दहनस्मारक वेगळे उभारलेले आहे. रायगड जिल्ह्यातील माणगावचे नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले व व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले; परंतु त्यांचीही कबर ज्ञात नाही, नाव आहे ते कॅसिनोच्या स्मारकावर. फ्रान्समधील न्यव्ह शापेल येथील १९२७ च्या भारतीय स्मारकावर ४ हजार ७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत. इराकमधील बसरा येथील १९२९ च्या स्मारकावर मात्र भारतीयांपैकी केवळ अधिकाऱ्यांचीच नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांची पलटणवार संख्या तेवढी देण्यात आली. पहिल्या महायुद्धात इराकमधील कुटच्या वेढ्यात ज्या मराठा पलटणी अडकल्या, त्यांतील मृतांच्या वारसांना दगडापेक्षा कागदच अधिक सांगू शकतो, तो यामुळे. सामान्य सैनिकांच्या स्मृतीबाबत झालेला हा पक्षपात आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात जाहीरपणे मान्य केला.

स्वातंत्र्योत्तर युद्धांतील वीरगतीचा शोध त्यामानाने सुकर आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर २५ हजारांहून अधिक नावे आहेत. पलटणीचा ठावठिकाणा माहीत असला, तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राकडे वा सागरच्या महार रेजिमेंट केंद्राकडे अर्ज करावा, आणि मार्गदर्शनासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच.

सरकारने ज्याला संख्येत जमा केले, त्याला नाव, गाव आणि वंश परत देण्याचे काम अखेर घरच्यांनाच करावे लागते. आणि पुरावा जोडून आयोगाकडे दुरुस्तीचा अर्ज करता येत असल्यामुळे ते काम घराच्या उंबऱ्याआड न राहता सार्वजनिक दफ्तरातही कायम नोंदले जाऊ शकते.