चौघी रमाबाई

१८८२ साली पुण्यात दोन रमाबाई एकत्र आल्या. एक चोवीस वर्षांची, नुकतीच विधवा झालेली, पदरी तान्ही मनोरमा. संस्कृतावरच्या प्रभुत्वाबद्दल कलकत्त्याने तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेलं. दुसरी महादेव गोविंद रानड्यांची पत्नी, विशीच्या आसपासची. माहेरची यमुना कुर्लेकर, अकराव्या वर्षी रानड्यांच्या घरात आली आणि नवऱ्याच्याच हाताखाली अक्षरं गिरवू लागली.

पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला. धाकट्या रमाबाई त्यांच्या व्याख्यानांना जाऊ लागल्या आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खाऊ लागल्या. पुढे गव्हर्नरांसमोर त्यांनी इंग्रजीत भाषण वाचलं, तेव्हा घरात पुन्हा वादळ उठलं. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० सालच्या पुस्तकात त्यांनी हा सासुरवास संयमाने सांगितला आहे. पुस्तक लिहिलं नवऱ्यासाठी, पण वाचताना लक्षात राहते ती त्यांचीच जिद्द. पुण्याच्या सेवासदनात ती जिद्द कामाला लागली.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी झाली. इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुण्यातले अनेक चाहते दुरावले. तरी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकाच खिळे जुळवत, छपाई करत. हिब्रू-ग्रीकवरून बाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. धर्मांतरावर वाद घालणाऱ्यांनी एकदा हा छापखाना डोळ्यांपुढे आणावा, असं मला मनापासून वाटतं.

या दोघींनी स्वतःबद्दल लिहून ठेवलं. माधवराव पेशव्यांच्या रमाबाईंना ते भाग्य नव्हतं. १८ नोव्हेंबर १७७२ला थेऊरला माधवराव गेले आणि त्या सती गेल्या. मराठी वाचकाच्या मनातली रमा बरीचशी रणजित देसाईंच्या 'स्वामी'तली आहे. तिच्या सती जाण्याचं कौतुक आपण फार केलं. कोवळ्या वयात गेलेल्या मुलीची हळहळ मात्र कमीच केली.

भीमराव आंबेडकरांच्या रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. वडील मासळीच्या टोपल्या वाहत. आईबाप लहानपणीच गेले. १९०६मध्ये भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री लग्न लागलं. साहेब परदेशी शिकत असताना त्यांनी मुंबईत गोवऱ्या थापून संसार ओढला. पाचांपैकी चार लेकरं गेली, यशवंत तेवढा उरला. २७ मे १९३५ला राजगृहात त्यांचं निधन झालं. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला आणि आपल्यासोबत हालअपेष्टा सोसण्याची त्यांची तयारी अर्पणपत्रिकेत नोंदवली. दलित वस्त्यांनी त्यांना 'रमाई' केलं. गाण्यांतून, जलशांतून, पोवाड्यांतून तिचं चरित्र बायकांनी आणि शाहिरांनी मिळून उभं केलं आणि ते आजही गायलं जातं.