दसऱ्याची खरेदी : जुने घड्याळ आणि विक्रेत्याची पारख

खंडेनवमीला पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांची पूजा होते. लेथ आणि प्रेस यांना झेंडूचे हार चढतात, मायक्रोमीटर व व्हर्नियर पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक पूर्ण मुहूर्त असल्याने सोने, वाहन, घरातील मोठी वस्तू यांची खरेदी या दिवसासाठी राखून ठेवलेली असते. या परंपरागत यादीत आता आणखी एका वस्तूची भर पडू लागली आहे, ती म्हणजे दुसऱ्याने वापरलेले उंची परदेशी घड्याळ. कोणी ते स्वतःसाठी घेतो, तर कोणी पुढे येणाऱ्या दिवाळसणाला जावयाच्या मनगटावर बांधण्यासाठी.

जावयाला घड्याळ देण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. एके काळी मुंबईहून आणलेले फाव्र-ल्यूबा किंवा वेस्ट एंड हे घराण्याचे भूषण मानले जाई. पुढे १९६१ साली बंगळुरास जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला आणि ‘जनता’सारखी चावीची घड्याळे कामगारांच्या घरांतूनही दिसू लागली. ती घड्याळ कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. आज हौस रोलेक्स आणि ओमेगापर्यंत पोहोचली आहे. नव्याची किंमत कित्येक लाखांत. म्हणून जुन्याचा शोध. त्यात गैर काहीच नाही. चांगले यांत्रिक घड्याळ काही वर्षांनी उघडून साफ केले, त्यास तेल दिले, की दोन पिढ्या सहज चालते.

सश्रद्ध घरात मात्र एक शंका हटकून निघते : दुसऱ्याने वापरलेली वस्तू देवापुढे ठेवावी काय? या शंकेत फारसा अर्थ नाही, असे आमचे मत आहे. धातूच्या वस्तूला आपल्या शास्त्रांनी शुद्धी सांगितलेली आहे, आणि चामड्याचा पट्टा काय, तो बदलता येतो. जी अशुद्धी पाण्याने जात नाही ती निराळी. ही वस्तू विकणाऱ्याची होती काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार आपल्या धर्मशास्त्राने फार बारकाईने केलेला आहे. मनूने व्यवहाराची, म्हणजे न्यायालयीन वादांची, जी अठरा पदे सांगितली, त्यांत ‘अस्वामिविक्रय’ हे एक स्वतंत्र पद आहे. जो मालक नाही त्याने केलेली विक्री, असा त्याचा अर्थ. याज्ञवल्क्य स्मृतीने तर खरेदीदारालाही मोकळे सोडलेले नाही. ज्याच्यापाशी अशी वस्तू असण्याचा संभव नाही त्याच्याकडून, गुपचूप, फार कमी किमतीत किंवा भलत्या वेळी जो खरेदी करतो, तोही चोरच समजावा, असे ही स्मृती सांगते. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि पुढे शतकानुशतके आपल्या प्रांतातील न्यायनिवाड्यांना तिचा आधार राहिला.

या चार खुणा आजच्या बाजाराला लावून पाहाव्यात. सहा लाखांचे घड्याळ कोणी दोन लाखांत देऊ करतो. ‘आमच्या साहेबांचे आहे, परदेशाहून आणलेले, बिल काही सापडत नाही’ असे सांगतो. दुकानात न बोलावता रात्री महामार्गालगतच्या एखाद्या हॉटेलात भेटू म्हणतो. आणि वर ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ अशी घाई करतो. चारही खुणा एकाच माणसात! सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या टीकाकाराने त्यास तत्काळ ओळखले असते.

त्याच स्मृतीत खरेदीदाराच्या सुटकेचा मार्गही आहे. ज्याच्याकडून वस्तू घेतली तो विक्रेता त्याने समोर उभा करावा, म्हणजे तो शुद्ध ठरतो. मग मूळ मालकास वस्तू मिळते, राजास दंड मिळतो आणि खरेदीदारास विक्रेत्याकडून आपले मूल्य परत मिळते. आजचा कायदाही याच दिशेने जातो. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याप्रमाणे, काही अपवाद वगळता, विक्रेत्याचा जेवढा हक्क तेवढाच खरेदीदाराला मिळतो. चोराकडून घेतलेल्या वस्तूचे, पैसे मोजूनही, आपण मालक होत नाही. तेव्हा उद्या वेळ आली तर जो आपल्याला सापडेल आणि समोर उभा करता येईल, तोच विश्वासाचा विक्रेता. त्याचे कायमचे दुकान असावे, बिलावर जीएसटी क्रमांक असावा आणि घड्याळाचा अनुक्रमांक त्या बिलात लिहिलेला असावा. हे घड्याळ तुमच्याकडे कोणाकडून आले, या प्रश्नावर तो चिडत असेल तर तेथून उठावे, हे बरे.

घड्याळाच्या बाबतीत बिलाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचा नाव घेऊन उल्लेख आहे. चोरटी आयात असल्याच्या सकारण संशयावरून घड्याळ जप्त झाले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात ते सापडले त्याच्यावर आणि मालकी सांगणाऱ्यावर येते. वापरलेली घड्याळे परदेशातून आणून विकण्यावरही परवान्याचे बंधन आहे. ‘दुबईहून आणले’ ही म्हणूनच शिफारस नव्हे, चौकशीचे कारण होय.

मालकीचा प्रश्न सुटला, की मग अस्सलपणाचा. संपूर्ण नकली घड्याळ जाणकार सहसा ओळखतो. कठीण असते ते अर्धे खरे. जुन्या एचएमटीची, फाव्र-ल्यूबाची किंवा सेइकोची यंत्रे घेऊन, तबकडी नव्याने रंगवून, काटे भलत्याच घड्याळाचे बसवून विकण्याचा उद्योग मुंबईत इतका चालला, की परदेशातील संग्राहकांत अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ हेच नाव पडले. आणि हे केवळ गल्लीबोळांतच घडते असे नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हा येथे फिलिप्स या लिलावगृहात एक जुने ओमेगा स्पीडमास्टर तीस लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनविलेले होते आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता, असे २०२३ मध्ये खुद्द ओमेगा कंपनीने जाहीर केले.

चाकणच्या कारखान्यात आलेल्या पोलादाच्या प्रत्येक खेपेमागे हीट नंबर आणि चाचणीचा दाखला मागणारा निरीक्षक, तीन लाखांचे घड्याळ मात्र मोबाइलवरील छायाचित्रावरून घेतो, याचे नवल वाटते. जी शिस्त कारखान्यात, तीच येथे हवी. पाठीमागचे झाकण आपल्यासमोर उघडून दाखविण्यास सांगावे. यंत्रावरील, केसवरील आणि हमीपत्रावरील क्रमांक व खुणा एकमेकांशी जुळतात काय, ते पाहावे. टायमिंग मशीनवर घड्याळ लावून दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जाते ते वाचावे. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर दाखल्यासाठी ही मर्यादा उणे चार ते अधिक सहा सेकंद अशी आहे, त्यावरून तुलना करता येते. कोणता भाग बदलला, केसला पॉलिश केव्हा झाले, हे लेखी घ्यावे. तबकडी नवी असणे हा गुन्हा नव्हे; ती नवी आहे हे न सांगणे ही फसवणूक.

पैसे बँकेतूनच द्यावेत. दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे, आणि २०२५ च्या एप्रिलपासून दहा लाखांवरील मनगटी घड्याळाच्या विक्रीवर एक टक्का कर विक्रेत्याने गोळा करावयाचा आहे. दुकानदाराने फसविले तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. व्यापारी नसलेल्या खासगी माणसाकडून घेतलेल्या वस्तूला तो आधार मिळणे अवघड, हेही ध्यानात असावे.

एवढी चौकशी दसऱ्यापर्यंत पुरी होत नसेल तर यंदा आपट्याचे सोने लुटून घरी यावे. दिवाळीचा पाडवा तेथून सुमारे तीन आठवड्यांवर असतो, आणि तेवढ्या अवधीत कोणत्याही जाणत्या घड्याळजीकडून झाकण उघडून घेता येते.