बियाणे शेतातच घडते

दादर ज्वारीचा खान्देशातील मान केवळ भाकरीच्या चवीमुळे नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळा सरताना ती पेरली जाते, मुरलेल्या ओलाव्यावर वाढते आणि कोरड्या हवेत पिकते. म्हणूनच तिचा दाणा पांढरा, टपोरा राहतो.

याच्या उलट अनुभव खरिपात आला. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. उत्पादन वाढले, परंतु अशा लवकर येणाऱ्या वाणांची कणसे पावसातच पक्व होऊ लागली. ओल्या कणसांवर बुरशी वाढली, दाणा काळा पडला. असा दाणा बियाणे म्हणून ठेवल्यास उगवण घटते.

गव्हाची अडचण वेगळी आहे. उशिरा पेरलेल्या गव्हाला दाणा भरतानाच फेब्रुवारी-मार्चची उष्णता गाठते. दाणा सुरकुततो आणि कोंबासाठी लागणारा अन्नसाठा अपुरा राहतो.

कापणीची वेळही तितकीच निर्णायक आहे. ज्वारीच्या दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला, की दाणा पूर्ण भरला असे समजावे. त्या वेळी त्यात सुमारे ३० ते ३५ टक्के ओलावा असतो. त्यापूर्वी कापल्यास दाणा पोचट राहतो. त्यानंतर कणीस पावसात उभे राहिल्यास बुरशी लागते, प्रसंगी कणसातच कोंब फुटतात. कापलेली कणसे उन्हात वाळवूनच मळणी करावी. मळणीयंत्र फार वेगाने फिरवल्यास दाण्यातील अंकुर दुखावतो. साठवणीपूर्वी ओलावा १२ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा.

संकरित पिकाचा दाणा पुन्हा पेरू नये, कारण पुढच्या पिढीत त्याचे गुण विखुरतात. दादरसारख्या सरळ वाणाचे निवडक बियाणे मात्र घरी राखता येते.

पेरणीपूर्वी एक कसोटी आपण अवश्य घ्यावी. न निवडता घेतलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून ते गुंडाळावे व आठवडाभर ओलसर ठेवावे. प्रमाणित ज्वारीसाठी किमान ७५ टक्के आणि गव्हासाठी ८५ टक्के उगवणीचा दंडक आहे.

दोन-तीन एकरांच्या कुटुंबाला दुबार पेरणी म्हणजे नवे कर्ज आणि हुकलेला हंगाम. ते टाळण्यास गोणपाटाचा एक तुकडा पुरतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी येत्या मृगापूर्वी आपापल्या गावी ही चाचणी करून दाखवावी, एवढीच अपेक्षा.